प्लेसमेंट अधिकाऱ्याचाही गौरव व्हावा, पण यादी तळाकडून वाचून

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन १० फेब्रुवारीला, मुंबई विद्यापीठाचा १८ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाचा २३ ऑगस्टला आणि शिवाजी विद्यापीठाचा १८ नोव्हेंबरला असतो. या दिवसांच्या आगेमागे वर्तमानपत्रांत पुरस्कारांच्या याद्या छापून येतात आणि निवृत्तीनंतर वेळ हाताशी असल्याने मी त्या शेवटच्या नावापर्यंत वाचतो. उत्कृष्ट महाविद्यालय, उत्कृष्ट प्राचार्य, उत्कृष्ट शिक्षक यांचा त्यांत सन्मान होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी तर १९९३-९४ पासून केंद्र सरकारचाही पुरस्कार आहे आणि तो योग्यच आहे. मात्र शेवटच्या वर्षाची मुले ज्याच्या दारात दिवसभर ताटकळत उभी असतात, त्या माणसाचे नाव या याद्यांत मला आजवर आढळलेले नाही. मुलांना नोकऱ्या मिळवून देण्याचे काम पाहणारा हा माणूस. अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याला टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर, म्हणतात. कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत त्याला बहुधा पदनामही नसते, तेथे ते नुसतेच 'प्लेसमेंटचं बघणारे सर' किंवा 'मॅडम' असतात. विद्यापीठांनी या मंडळींच्या कामाची रीतसर दखल घ्यावी आणि ती घेताना मोजमाप कोणते लावावे याचा नीट विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः कधी महाविद्यालयात नोकरी केलेली नाही. १९९८ ते २०२१ अशी तेवीस वर्षे मी नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात होतो आणि त्यांतली बहुतेक वर्षे कॅम्पस मुलाखतींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होतो. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारा मी. या मंडळींची थोरवी मला त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली नाही, ती मी त्यांच्याशी हुज्जत घालताना पाहिली आहे.

एक प्रसंग सांगतो. २००७ च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी प्रशिक्षणार्थी निवडण्यासाठी गेलो होतो. तिथल्या प्लेसमेंट अधिकाऱ्याने उमेदवारांची यादी पुढे ठेवली. ती ना आसन क्रमांकाप्रमाणे होती, ना गुणांप्रमाणे, ना आद्याक्षरांप्रमाणे. मी जरा वरच्या पट्टीतच विचारले, "ही यादी कशाने लावली आहे?" ते म्हणाले, "गाडीच्या वेळेने लावली आहे, साहेब. वरच्या सहा जणींची शेवटची एसटी सव्वापाचला आहे. खालचे चौघे हॉस्टेलचे आहेत, त्यांना रात्री नऊला बोलावलंत तरी चालेल." आदल्या वर्षी त्याच महाविद्यालयात आम्ही गुणानुक्रमे मुलाखती घेतल्या होत्या, त्या संध्याकाळी सातपर्यंत लांबल्या होत्या, आणि पाच मुलींच्या नावांपुढे मी माझ्या हाताने 'गैरहजर' असे लिहिले होते. त्या दिवसभर व्हरांड्यात बसून होत्या, हे मला वर्षभराने त्या यादीमुळे कळले. त्या वर्षी वरच्या सहा जणींपैकी दोघींची निवड झाली. गाडीच्या वेळेने यादी लावण्याला कोणत्याही अहवालात रकाना नाही.

याच गृहस्थांनी दोन वर्षांनी आमच्या नेमणूकपत्रावर बोट ठेवले. त्यात दोन वर्षांचा बाँड होता आणि तोवर मूळ गुणपत्रके कंपनीकडे जमा ठेवण्याची अट होती. त्यांनी आम्हाला चार ओळींचे पत्र पाठवले: या काळात विद्यार्थ्याला पुढील प्रवेशासाठी किंवा सरकारी भरतीतील कागदपत्र-पडताळणीसाठी मूळ गुणपत्रक लागल्यास त्याने काय सादर करावे, हे कृपया लेखी कळवावे. उत्तर देण्याजोगे आमच्याकडे काहीच नव्हते. अट आम्ही काढली, पण मोठ्या मनाने नव्हे. पुढचे वर्षभर आमची कंपनी त्या महाविद्यालयात फिरकलीच नाही. त्या वर्षीच्या तक्त्यात आमच्या नावापुढे त्यांच्या खाती शून्य लागले असणार आणि संचालकांच्या बैठकीत त्याबद्दल त्यांना विचारलेही गेले असणार. त्या निर्णयावर माझीही सही होती, म्हणून सांगतो: या कामात माणूस जितका चोख, तितका त्याचा आकडा कधीकधी कमी भरतो. पुरस्कार आकड्यावर द्यायचा ठरला, तर हे गृहस्थ पहिल्याच चाळणीत गळतील.

बाहेरून पाहणाऱ्याला प्लेसमेंट म्हणजे कंपन्यांना फोन करणे आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे एवढेच वाटते. प्रत्यक्षात कंपनीचे पत्र येते ते अटींसह येते: दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत साठ टक्के, चालू एटीकेटी नको, शिक्षणात खंड नको. दोनशे मुलांच्या वर्गातली निम्मी मुले इथेच बाजूला पडतात. सामान्य अधिकारी ती अट फलकावर लावून मोकळा होतो. चांगला अधिकारी कंपनीला फोन करून विचारतो की बारावीत अठ्ठावन्न टक्के असलेल्या, पण पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आणि पदवीत पंचाहत्तर टक्के मिळवलेल्या मुलाला बसू देणार का, आणि दहांपैकी चार वेळा त्याला होकार मिळतो. मी स्वतः असे होकार दिले आहेत. समोरचा माणूस उगाच कोणाचे घोडे पुढे दामटत नाही, याची खात्री असली की होकार द्यायला जड जात नाही. ही पत कमवायला पाच-सात वर्षे लागतात आणि एक खोटी शिफारस ती घालवते.

पत्र हाती पडल्यावरचे काम तर कोणालाच दिसत नाही. 'चार लाखांचे पॅकेज' या शब्दांत कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि दोन वर्षे टिकलात तरच मिळणारा बोनस असे सगळे मिसळलेले असते. एका प्लेसमेंटच्या मॅडम दरवर्षी निवड झालेल्या मुलांना एका वर्गात बसवून फळ्यावर वजाबाकी करून दाखवत असत. वार्षिक आकडा वर लिहायचा, एकेक बाब वजा करायची, बाराने भागायचे, मग त्यातून पुण्यातल्या सामायिक खोलीचे भाडे, मेस, पीएमपीचा पास आणि घरी पाठवायची रक्कम काढायची. शेवटी जे उरेल त्याभोवती गोल काढून त्या म्हणायच्या, "आता ठरवा." एकदा मी कंपनीच्या वतीने त्याच वर्गात बसलो होतो आणि आमच्याच पत्राची वजाबाकी फळ्यावर चालू होती. फार सुखद अनुभव नव्हता. पण त्या महाविद्यालयातून आलेली मुले तीन महिन्यांत सोडून जात नसत. येतानाच त्यांना सारे ठाऊक असे.

मंदीची आणि संकटाची वर्षे ही या कामाची खरी परीक्षा. २००८-०९ मध्ये अनेक कंपन्यांनी दिलेली पत्रे मागे घेतली, आमच्या कंपनीनेही घेतली. २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल २८ ऑगस्टला लागला, परीक्षा ऑक्टोबरवर गेल्या, आणि तोवर कंपन्या मुलांकडे उत्तीर्ण झाल्याचा दाखला मागत होत्या. २०२२-२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी निवड झालेल्यांना रुजू करून घेणे महिनोन्‌महिने पुढे ढकलले. अशा वेळी कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, प्राचार्य म्हणतात 'प्लेसमेंटला विचारा', आणि गावाकडे पेढे वाटून झालेले असतात. बापाच्या प्रश्नाला उत्तर देणारा एकच माणूस उरतो. त्याच्या हातात अधिकार कसलाच नसतो. लॉकडाउनच्या काळात पहिल्या फेऱ्या ऑनलाइन झाल्या, तेव्हा गावात वीज आणि रेंज दोन्हींची मारामार असलेल्या मुलांसाठी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा परवानग्या काढून उघडणारे आणि जनरेटरचे डिझेल स्वतःच्या खिशातून भरणारे दोन प्लेसमेंट अधिकारी मला माहीत आहेत.

आता मोजमापाकडे येतो, कारण गौरवाची कल्पना बहुतेकांना पटेल, पण ती राबवताना हमखास चूक इथेच होईल. प्रवेशाच्या मोसमात चौकाचौकांत फलक लागतात. त्यावर एका मुलाचा फोटो असतो आणि त्याखाली 'सर्वोच्च पॅकेज'. शंभर टक्के प्लेसमेंटचा दावाही असतो. ही टक्केवारी कशी निघते, हे पालकांना कोणी सांगत नाही. एकाच मुलाला तीन कंपन्यांची पत्रे आली, तर काही ठिकाणी ती तीन नोकऱ्या धरतात. छेदाचे तर विचारूच नये: एकूण विद्यार्थ्यांतून आधी अपात्र वगळतात, मग उच्च शिक्षणाला जाणारे, मग 'इच्छुक नसलेले'. हे 'इच्छुक नसलेले' कोण? दोन-तीन मुलाखतींत नापास झाल्यावर ज्या मुलाकडून 'मला प्लेसमेंटमध्ये रस नाही' अशा छापील अर्जावर सही घेतात, तो त्यातलाच एक. अशा रीतीने पासष्ट जणांतल्या अठ्ठावीसांना नोकरी लागली तरी टक्केवारी नव्वदच्या पुढे नेता येते आणि त्यात एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही.

राष्ट्रीय क्रमवारीने, म्हणजे एनआयआरएफने, एक बरे केले. २०१६ पासून निघणाऱ्या या क्रमवारीत अभियांत्रिकी संस्थांकडून पगाराचा मध्यक मागितला जातो आणि संस्थेने दिलेली ही माहिती सर्वांना पाहता येते. नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभे केले, तर बरोबर मधल्या मुलाचा पगार म्हणजे मध्यक. फलकावरचा आकडा आणि हा मध्यक एकदा शेजारी ठेवून पाहावेत, असे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक पालकाला सांगतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनातही विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती या पाचव्या निकषाखाली नोकरी लागलेल्यांचे प्रमाण विचारतात. म्हणजे संस्थेला गुण मिळवून देणारा हा माणूस आहे, हे सगळ्यांना कळते. नॅकची समिती आली की त्याच्या फायली टेबलावर सर्वांत वर असतात. समिती गेली की तो पुन्हा जिन्याखालच्या खोलीत.

बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत हा माणूस मुळात शिक्षक असतो. आठवड्याचे तास घ्यायचे, पेपर तपासायचे आणि उरलेल्या वेळात प्लेसमेंट. पदोन्नतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमावलीत जो तक्ता आहे, त्यात करिअर मार्गदर्शन हे विद्यार्थ्यांशी संबंधित सहउपक्रमांच्या ओळीत, विद्यार्थी मंडळे आणि अभ्यासभेटी यांच्या शेजारी, बसवलेले आहे. तीन उपक्रमांत सहभाग असला की शेरा 'चांगला', एक किंवा दोन असले की 'समाधानकारक'. वर्षभर चाळीस कंपन्यांचे उंबरे झिजवणारा शिक्षक आणि वर्षातून एकदा अभ्याससहल नेणारा शिक्षक या तक्त्यात एकाच पायरीवर उभे राहतात. उलट एखाद्याने दोन सहली आणि एक चर्चासत्र केले, तर तो पुढेच जातो. जिथे हे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे दिले आहे, तिथे तर पुढच्या जूनमध्ये तो स्वतःच मुलाखतीच्या रांगेत असतो. या विसंगतीवर कोणी खंत व्यक्त केल्याचे मी तरी वाचलेले नाही.

हा प्रश्न आता केवळ अभियांत्रिकीचा राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमात चार श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आले आहे आणि पदवीलाही ते आहे. चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. एमए मराठीची, इतिहासाची, राज्यशास्त्राची मुले हे १२० तास कुठे भरणार? संगणकाच्या मुलांसाठी कंपन्या आहेत, वाणिज्यच्या मुलांसाठी सनदी लेखापालांची कार्यालये आहेत. मराठीच्या मुलांसाठी सार्वजनिक वाचनालय, छापखाना, स्थानिक साप्ताहिक, नगरपालिकेचा अभिलेख कक्ष, वकिलाकडचे भाषांतर अशा जागा शोधाव्या लागतात आणि त्या शोधणारा कोणीतरी पायपीट करणारा लागतो. माझ्या भाचीच्या महाविद्यालयात एका प्राध्यापकांनी शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाशी बोलून सहा मुलांना दुर्मीळ पुस्तकांच्या सूचीचे काम लावून दिले. त्यांतल्या एकीला तिथेच मानधनावर ठेवून घेतले. कागदोपत्री हे 'ओजेटी पूर्ण' एवढेच. दुसरीकडे शंभर मुलांचे अहवाल एकाच दुकानदाराच्या शिक्क्यानिशी येतात, हेही मी ऐकून आहे. दोन्ही महाविद्यालयांच्या अहवालांत पूर्ततेचे प्रमाण शंभर टक्केच दिसते.

कायद्याची माहिती असलेला अधिकारी कसा असतो, याचेही उदाहरण द्यावेसे वाटते. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. पदवीधर आणि पदविकाधारक त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आले. २०१९ पासून तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे आणि कंत्राटी कामगारही त्या संख्येत धरतात. माझ्या निवृत्तीच्या थोडे आधी एका ग्रामीण महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याने मला फोन केला. नोकरी द्या म्हणून गळ घातली नाही. ते एवढेच म्हणाले, "तुमच्या गेटवर रोज किती माणसं आत जातात, ते मी मोजलेलं नाही, पण मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे तुमची नोंद किती जणांची आहे, ते पाहून ठेवलं आहे. पदवीधर शिकाऊ उमेदवारांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकार देतं. मग आठ मुलं पाठवू का?" त्या आठांपैकी पाच आजही त्या कारखान्यात कायम आहेत. एका फोनचा एवढा परतावा मी तेवीस वर्षांत दुसरा पाहिला नाही.

परदेशात या कामाला पेशा म्हणून मान्यता मिळून बराच काळ लोटला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवीधरांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी समिती नेमली ती १८९२ मध्ये. अमेरिकेत या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना १९५६ पासून आणि ब्रिटनमध्ये १९६७ पासून आहे आणि दोन्ही संघटना आपल्या सदस्यांच्या कामाला पुरस्कार देतात. आपल्याकडे १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रे निघाली, १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला, पुढे काही विद्यापीठांत रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रेही उघडली गेली. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही. कमी पडले ते त्या खुर्चीत बसणाऱ्याला स्वतंत्र पेशा मानणे. परदेशाचे सगळेच उचलावे असे मी म्हणत नाही, पण ब्रिटनची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे पूर्वी पदवीनंतर सहा महिन्यांनी विद्यार्थी काय करतो ते विचारत असत. आता पंधरा महिन्यांनी विचारतात, आणि केवळ पगार नाही, तर हे काम तुम्हाला अर्थपूर्ण वाटते का, तुमच्या पुढच्या बेताशी जुळते का, असेही विचारतात. निकालाच्या आठवड्यात मोजणे आणि पंधरा महिन्यांनी मोजणे यांतला फरक, भरती करणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक विद्यापीठाने वर्धापनदिनाच्या पुरस्कारांत प्लेसमेंट आणि करिअर मार्गदर्शनाचे काम करणाऱ्यांसाठी एक सन्मान ठेवावा. तो अभियांत्रिकी-व्यवस्थापन आणि कला-वाणिज्य-विज्ञान अशा दोन गटांत द्यावा, कारण दोघांच्या वाटेतले खड्डे वेगळे आहेत. सर्वोच्च पॅकेजचा रकाना अर्जातून मुळातूनच काढून टाकावा. छेद एकच ठेवावा: अंतिम वर्षाला प्रवेश घेतलेले सर्व. पंधरा महिन्यांनी त्यांतले किती जण कामावर किंवा शिक्षणात आहेत, ते विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुणानुक्रमे खालच्या चतुर्थांशात असलेल्या मुलांचे काय झाले, ते वेगळे पाहावे. वरच्या दहा मुलांना नोकरी मिळवून द्यायला प्लेसमेंट अधिकारी लागत नाही. त्यांच्यासाठी आम्ही कंपनीवाले एकमेकांत स्पर्धा करतो. अधिकाऱ्याचा कस लागतो तो तीन विषय राहिलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या, वडील नसलेल्या, बाहेरगावी जायला घरून परवानगी नसलेल्या मुलामुलींपाशी. गडचिरोली, नंदुरबार, किनवटकडे मुलाखतींना जायला कंपन्या प्रवासखर्चाचे कारण सांगतात. तिथल्या अधिकाऱ्याची तुलना हिंजवडीपासून अर्ध्या तासावर असलेल्या महाविद्यालयाशी करणे म्हणजे चेष्टा आहे. ज्याने कंपनीला नकार दिला, अनामत रक्कम मागणाऱ्या भरती एजंटाला दारातून परत पाठवले, त्याची ती पत्रेही गुणांत धरावीत.

यावर एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे आणि तो खोटा नाही. आपल्याकडे पुरस्कार म्हणजे प्रस्ताव, प्रस्ताव म्हणजे फाइल, आणि ज्याची फाइल जाड त्याला शाल. कात्रणे, प्रमाणपत्रे, सामंजस्य करारांच्या छायाप्रती, पाहुण्यांबरोबरचे फोटो. शिक्षक पुरस्कारांसाठी चाललेली धावपळ पाहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. म्हणून अर्जाची पद्धतच ठेवू नये. नाव सुचवण्याचा अधिकार दोघांनाच असावा: किमान दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले माजी विद्यार्थी आणि पन्नासहून कमी कामगार असलेले छोटे उद्योजक. मोठ्या कंपन्यांना यात घेऊ नये. त्या दरवर्षी त्याच चार महाविद्यालयांत जातात आणि त्याच चार माणसांना ओळखतात. शाल-श्रीफळाच्या जोडीला पुढच्या वर्षासाठी एक पूर्णवेळ साहाय्यक आणि प्रवासखर्चाची तरतूद दिली, तर सत्काराचा उपयोग सत्कारमूर्तीपुरता राहणार नाही. एक पुरस्कार दिल्याने पदनिर्मितीचा प्रश्न सुटत नाही, हेही खरे. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या बाबतीत नाव, नियम आणि सन्मान एकमेकांच्या आधाराने मोठे झाले, आणि ज्या कामाला नावच नाही त्यासाठी पद मागायला कोणी मंत्रालयाची पायरी चढत नाही.

ज्या गृहस्थांची यादी मी वर सांगितली, ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी गेलो होतो. महाविद्यालयाच्या जिन्यात निवड झालेल्या मुलांच्या फोटोंची आणि कंपन्यांच्या बोधचिन्हांची भिंत आहे. त्या भिंतीवर ते कुठेही नाहीत, फक्त एका सामूहिक छायाचित्रात पाहुण्याच्या मागे त्यांचा अर्धा खांदा दिसतो. घरी त्यांनी मला त्यांच्या नोंदवह्या दाखवल्या, लांब कागदाच्या, खाकी पुठ्ठ्याच्या, एका वर्षाला एक. नाव, शाखा, गाव, गाडीची वेळ, घरी बोललो का, आणि शेवटचा रकाना 'सध्या कुठे'. त्यात वेगवेगळ्या शाईने, कधी दहा वर्षांनंतरही, भर घातलेली होती. २००८ च्या वहीत आमच्या कंपनीने परत घेतलेल्या अकरा पत्रांची नावे एका कंसात होती आणि त्या प्रत्येकासमोर पुढे काय झाले ते लिहिलेले होते. एका ओळीत फक्त 'पत्ता लागत नाही, भावाला फोन केला' असे होते, खाली तीन तारखा.

विद्यापीठांनी हा सन्मान सुरू केला आणि निवड समितीत उद्योगाच्या बाजूचे कोणी हवे असेल, तर माझ्यासारखे निवृत्त लोक नाशिक, चाकण, वाळूज, बुटीबोरी अशा प्रत्येक वसाहतीत आहेत. आम्ही स्वखर्चाने येऊ. अट एकच: सादरीकरणाऐवजी आम्हाला अशा वह्या दाखवाव्यात आणि त्या वाचायला निदान एक अख्खा दिवस द्यावा.

आपला,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी,
नाशिक